अर्धा डोस

त्या तक्त्यावर सही माझीच आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कुणाकडून कळलं तर म्हणाल, झूरा एश्मातोव्हना आपलं ठेवते झाकून आणि दुसऱ्याचं बघते वाकून.

ओश शहरातल्या आमच्या इस्पितळात मी औषधांची डॉक्टर आहे. रोगी माझे नसतात. त्यांना काय द्यायचं, किती, किती तासांनी आणि कधी थांबवायचं, हे सांगणं माझं काम. माझ्याकडे पांढरा डगला आहे, दुसऱ्या मजल्यावर खोली आहे, दारावर नावाची पाटी आहे. फक्त माझं ऐकलंच पाहिजे असा नियम नाही. सल्ला मी द्यायचा, घ्यायचा की चहाबरोबर गिळून टाकायचा ही ज्याची त्याची मर्जी.

अकरा वर्षांपूर्वी मला फार हौस होती, तेव्हा मी तो तक्ता केला. अंगातलं बरंचसं औषध किडनी बाहेर टाकते. किडनी मंदावली की औषध साठतं, म्हणून डोस कमी करायचा. तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन शंभराच्या वर चढतं; ते इतकं असेल तर डोस इतका, अशा ओळी होत्या. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती: ‘जंतू रक्तात पसरलेला अत्यवस्थ रोगी असेल तर पहिले दोन दिवस पूर्ण डोस, नंतर रोज नव्याने ठरवा.’ अशा रोग्यांची किडनी बऱ्याचदा दोन दिवस रुसते आणि मग आपणहून कामाला लागते. जंतू मात्र दोन दिवस वाट बघत बसत नाही. खरं सांगायचं तर ती एक ओळ म्हणजेच तक्ता होता, बाकीचं कुठल्याही पुस्तकात मिळतं.

कार्यालयातल्या बाईने झेरॉक्स काढताना कागद बोटभर वर सरकला आणि ती ओळ कापली गेली. त्याच प्रतीवर ‘मंजूर’ म्हणून गोल शिक्का बसला आणि कोपऱ्यात मी सही केली. वाचलं नाही. स्वतः लिहिलेलं कोण पुन्हा वाचतं? कागद अतिदक्षता विभागात टेबलाच्या काचेखाली जाऊन बसला. तीन वर्षांनी माझ्या लक्षात आलं तेव्हा मी आरडाओरडा केला. मला सांगण्यात आलं की शिक्क्याचा कागद बदलायला समिती लागते, आणि समिती बसायला आणखी एक कागद लागतो. दर बैठकीत मी विषय काढायचे आणि दर बैठकीच्या इतिवृत्तात ‘नोंद घेतली’ असं यायचं. मग मीही दमले. सरळ जाऊन काच उचलायची, कागद फाडायचा, एवढं करायला हवं होतं. केलं नाही. त्याचा राग मला सगळ्यात जास्त माझाच येतो.

त्या मंगळवारी मी बातकेनला होते. मावशीला जाऊन वर्ष झालं होतं, त्याचं जेवण होतं. बुधवारी सकाळी इस्पितळात आले तर चार नंबरच्या खाटेवर नवी बाई. बुरुलशा, वय एकतीस, ओझगोनची, शिवणाच्या कारखान्यात कामाला. मूतखडा अडकला, लघवी तुंबली, मागे पू झाला आणि जंतू रक्तात गेला. मूत्ररोगवाल्यांनी मंगळवारी आल्या आल्या नळी घालून पू मोकळा केला होता. त्यांना नाव ठेवायला जागा नाही. आता पुढची लढाई औषधाची होती. मी औषधाचं पत्रक उचललं आणि माझं डोकं फिरलं.

दाखल करणाऱ्या डॉक्टरने लिहिलं होतं: मेरोपेनेम, एक बाटली, दर आठ तासांनी. त्यावर आडवी रेघ. खाली दुसऱ्या अक्षरात: अर्धी बाटली, दर बारा तासांनी. लोक याला ‘अर्धा डोस’ म्हणतात, कारण ऐकायला बरं वाटतं. तीनदाचं दोनदा केलं आणि दर वेळी अर्धं दिलं, तर उरतो तिसरा हिस्सा. एवढं गणित तिसरीतल्या पोराला येतं.

“ऐजामाल, हे कुणी केलं?”

ऐजामाल म्हणजे तिथली सगळ्यात जुनी नर्स. तिचे हात चालू असतात आणि तोंडही. मला सगळे एजे म्हणतात, म्हणजे ताई.

“काल राउंडला ठरलं, एजे. क्रिएटिनिन तीनशे अठरा आलं. कुबानिच सादिरोविच म्हणाले, किडनी जपा. काचेखाली बघितलं आणि लिहिलं.”

“आणि उरलेली अर्धी बाटली?”

“फ्रिजमध्ये. संध्याकाळी तीच दिली.”

“अगं, कालवलेलं औषध आहे ते! संध्याकाळपर्यंत त्याचा दम निम्मा उतरतो. लोणचं आहे का मुरवायला?”

“माझ्यावर कशाला डाफरताय? फ्रिज मी बांधलाय का?” तिने लघवीची पिशवी वर धरली. “हे बघा. काल दुपारपासून दोन लिटरच्या वर झालंय. रिकामी करून करून हात दुखले.”

“म्हणजे किडनी चालू झालीय.”

“झालीय की. मला दिसतं. पण मला विचारतंय कोण?”

कुबानिच सादिरोविच विभागाचे प्रमुख. वय त्रेसष्ट. त्यांनी मला शिकवलं, म्हणून मी अजून त्यांना अगाय म्हणते, म्हणजे गुरुजी. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळी झाले असते. हा माणूस रोग्याचे पाय स्वतः चोळतो. पण त्यांच्या तरुणपणी त्यांच्या हातून एकोणीस वर्षांच्या एका मुलीला जेंटामायसिन जास्त गेलं. तिची किडनी गेली, कान गेले, आणि चाळीस दिवसांनी ती गेली. दर वर्षीच्या विद्यार्थ्यांना ते ही गोष्ट सांगतात आणि दर वर्षी त्यांचा आवाज त्याच ठिकाणी बसतो. तेव्हापासून त्यांच्या लेखी सगळी औषधं जेंटामायसिन आणि सगळे रोगी ती मुलगी. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मान्य. पण इथे समोरचं माणूस तहानेने मरतंय आणि आपण फुंकतोय.

मी त्यांच्या खोलीत गेले. ते हिरवा चहा पीत होते. माझ्यासाठीही ओतला. मी हात लावला नाही.

“अगाय, चार नंबरचा डोस पूर्ण करा.”

“झूरा, बस आधी. मावशीचं जेवण नीट झालं?”

“झालं. डोस पूर्ण करा.”

“क्रिएटिनिन तीनशे अठरा आहे, पोरी.”

“ते कालचं आहे. क्रिएटिनिन म्हणजे कालचं वर्तमानपत्र. आजची बातमी लघवीच्या पिशवीत आहे, दोन लिटर. आणि मेरोपेनेम म्हणजे जेंटामायसिन नव्हे. थोडं जास्त झालं तर किडनी काही जळत नाही.”

“अपस्माराचे झटके येतात त्याने.”

“दोन दिवसांत, या वयात? आले तर थांबवू की. पण कमी पडलं तर जंतू थांबणार नाही. आज सकाळपासून रक्तदाब टिकवायचं औषध दोनदा वाढवलंय तुमच्याच डॉक्टरने.”

त्यांनी चहाची वाटी खाली ठेवली. “किडनी गेली तर ती बाई जन्मभर मशीनला बांधली जाईल. आठवड्यातून तीनदा ओझगोनहून कोण आणणार तिला? नवरा यंत्रं दुरुस्त करतो शेतावरची.”

“शिर सलामत तो पगडी पचास, अगाय. मशीनला बांधायला तरी ती जिवंत लागेल ना?”

“तुझाच तक्ता आहे, झूरा.” ते हसले नाहीत, टोमणाही नव्हता त्यात. “तुझाच तक्ता म्हणतो अर्धं.”

“त्यातली शेवटची ओळ कापली गेलीय. तुम्हालाही माहितीये ते. आठ वर्षं मी बोंबलतेय.”

“मला माहिती असून काय उपयोग? उद्या बाई गेली आणि तपासणी आली, तर मी त्यांना काय दाखवू? तुझी आठवण? शिक्का ज्याच्यावर आहे ते मी करतो. तू शिक्क्याची ओळ आण, मी लगेच पूर्ण देतो.”

भिंतीशी बोलावं तर निदान भिंत चहा विचारत नाही. मी मुख्य डॉक्टरांच्या कार्यालयात गेले. समितीचा विषय सोमवारी घेऊ, असं मला सांगण्यात आलं. मी म्हटलं, चार नंबरच्या बाईला सोमवारपर्यंत थांबायला सांगू का? सचिव बाई रागावल्या.

गुरुवारी सकाळी जिना चढत होते तर वरून ओरडणं ऐकू आलं: “सुयुंचू! सुयुंचू!”

आमच्याकडे चांगली बातमी आणणारा असाच ओरडतो, आणि ज्याची बातमी असेल त्याने त्याला काहीतरी द्यायचं असतं. घोडीला शिंगरू झालं, पोरगा परीक्षेत पास झाला, सैन्यातून घरी आला की सुयुंचू. आया सोनुन व्हरांड्यात नाचत होती. चार नंबरचं क्रिएटिनिन तीनशे अठरावरून एकशे अठ्ठावीसवर आलं होतं. बाकावर बुरुलशाचा नवरा बसला होता. मिर्लान त्याचं नाव. हडकुळा, हातांच्या रेघांत वंगण, तीन दिवस त्याच बाकावर. त्याने खिसे चाचपले, मग पिशवीतून एक नवाकोरा फुलाफुलांचा रुमाल काढला. बायको शुद्धीवर आली की डोक्याला बांधायला म्हणून आणलेला असणार. तो त्याने सोनुनच्या हातात ठेवला. सोनुनने डोळे पुसले आणि घेतला. सुयुंचू नाकारायचा नसतो.

“एजे, किडनी सुधारली म्हणे!” तो माझ्याकडे बघून म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

मी मान हलवली आणि आत गेले. मान का हलवली? काय करायला हवं होतं, तेही मला ठाऊक नव्हतं.

आत ताप एकोणचाळीस पूर्णांक सहा. बोटांची टोकं निळी. रक्तदाबाचं औषध कालच्या तिप्पट. सगळा विभाग एका आकड्यावर खूश, आणि त्या आकड्याची मालकीण डोळ्यांदेखत चाललेली. मी पत्रक बघितलं. आमच्याकडे कालचंच औषध चालू ठेवायचं असेल तर डॉक्टर सगळं पुन्हा लिहीत नाहीत, एकच शब्द लिहितात: तेच. बुधवारी लिहिलं होतं ‘तेच’. गुरुवारी सकाळच्या राउंडलाही ‘तेच’. सकाळची अर्धी बाटली देऊनही झाली होती.

कापलेली ओळ सोडा. काचेखालचा शिक्क्याचा तक्ताही एकशे अठ्ठाविसाला अर्धा डोस सांगत नव्हता! आकडा वर गेला तेव्हा कागद बघायला सगळे धावले. आकडा खाली आल्यावर कागदाकडे कुणी बघितलंच नाही. कमी करताना नियम आणि वाढवताना ‘तेच’. सुयुंचू द्यायला वेळ होता, काचेखाली डोकावायला नव्हता.

“अगाय कुठेत?”

“प्रांताच्या बैठकीला,” ऐजामाल म्हणाली. “चारनंतर येतील. फोन बंद आहे.”

“बाकीचे डॉक्टर?”

“विचारलं मी. म्हणतात, प्रमुखांचा रोगी आहे, आल्यावर बघू.”

मी तरी दोनपर्यंत फोन लावत बसले. मग पेन काढलं. ‘तेच’ खोडलं. वर लिहिलं: एक बाटली, दर आठ तासांनी, पहिली आत्ता. खाली सही आणि वेळ.

ऐजामालने कागद घेतला, वाचला. “एजे, तुमच्या सहीवर मी औषध देऊ शकत नाही.”

“माहितीये.”

“माझी नोकरी जाईल.”

“माझी आधी जाईल. तुला ती पिशवी दिसत होती ना? तुला कुणी विचारलं नाही म्हणालीस. मी विचारतेय. किती द्यावं?”

तिने माझ्याकडे बघितलं, तोंडातल्या तोंडात एक शिवी घातली, ती मला की त्या कागदाला हे मी विचारलं नाही. मग तिने नवी बाटली उघडली आणि पूर्ण कालवली.

साडेचारला कुबानिच सादिरोविच आले. व्हरांड्यापर्यंत त्यांचा आवाज गेला. माझ्या विभागात माझ्या रोग्याच्या कागदावर तुझी रेघ! इतक्या वर्षांत त्यांना असं ओरडताना मी ऐकलं नव्हतं. मीही गप्प बसले नाही. मी म्हटलं, तुम्ही त्या मुलीला वाचवताय, जी केव्हाच मेलीय, आणि तिच्यापायी हिला मारताय. हे बोलायला नको होतं. त्यांनी पत्रक हातात घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. माझी रेघ त्यांनी खोडली नाही.

“आता ती गेली तर तुझ्या माथी,” एवढंच म्हणाले.

बुरुलशाला दोन वाजताची एक, रात्री दहाची एक आणि पहाटे सहाची एक, अशा तीन पूर्ण बाटल्या मिळाल्या. शुक्रवारी सकाळी दहा वाजता ती गेली.

अकराला मी त्यांच्या खोलीत होते. या वेळी त्यांनी चहा ओतला नाही. कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

“खुलासा लिहावा लागेल, झूरा. तुलाही, मलाही. वाचणारे काय वाचतील ते तुला कळतंय ना? किडनी सुधारत होती, औषधवालीने परस्पर डोस वाढवला, वीस तासांत बाई गेली.”

“कळतंय.”

“मी लिहितो की डोस माझ्या संमतीने वाढवला. तारीख, वेळ, सगळं. तू आधीच्या दिवसांबद्दल काही लिहू नकोस. आजार फार भारी होता, आणि ते खोटं नाही. दोघंही सुटू.”

मला त्यांची दया आली आणि त्या दयेची मला चीड आली. याच दयेने आठ वर्षं तो कागद काचेखाली ठेवला होता. अगाय दुखावतील, अगायंना किती वेळा बोलायचं, अगाय चांगले आहेत.

“नवऱ्याला सांगितलंत?” मी विचारलं.

“गेली एवढंच सांगितलंय. सामान द्यायचंय. तू चल माझ्याबरोबर.”

मिर्लान बाकापाशी उभा होता. बसत नव्हता. कुणीतरी दिलेली शोर्पोची, म्हणजे मटणाच्या रश्श्याची, वाटी बाकावर तशीच गार झाली होती. कुबानिच सादिरोविचनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

“बाळा, आम्ही प्रयत्नांत काही कमी ठेवलं नाही. किडनी शेवटपर्यंत चांगली होती. फार जपलं तिला.”

मिर्लान मान हलवत होता, गुरुवारी मी हलवली होती तशीच. ऐजामालने सामानाची पिशवी आणून त्याला दिली. रोगी गेला की त्याचं असेल नसेल ते मोजून परत करायचं, अशी आमची पद्धत. सपाता, फोन, केसांचा चाप आणि औषधाचे दोन खोके. सवयीने तिने वाचून दाखवलं, “मेरोपेनेम, न फोडलेल्या बाटल्या नऊ.”

“नऊ?” मिर्लान म्हणाला.

ऐजामालने कुबानिच सादिरोविचकडे बघितलं.

“दिवसाला तीन, पाच दिवस, म्हणून पंधरा आणायला सांगितल्या होत्या. चिठ्ठी अजून आहे माझ्याकडे.” तो बोटांवर मोजायला लागला. “मंगळवार तीन. बुध तीन. गुरु तीन. आज सकाळी एक. दहा झाल्या. पाच उरायला हव्या होत्या ना? मी चुकतोय का?”

तो यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. उरलेला सुटा भाग दिसला की यंत्र नीट जुळलेलं नाही, हे त्याला कळतं.

“किडनीसाठी थोडं कमी…” कुबानिच सादिरोविच म्हणाले आणि त्यांचा आवाज नेहमीच्या ठिकाणी बसला.

“आम्ही कमी दिलं,” मी म्हटलं. “पहिले अडीच दिवस तिसरा हिस्सा दिला.”

“झूरा,” कुबानिच सादिरोविच म्हणाले.

“का?” मिर्लानने विचारलं.

“कागदावर तसं होतं. आणि तो कागद चुकलेला होता. तो मी केला होता.”

“पूर्ण दिलं असतं तर वाचली असती?”

“मला माहीत नाही. पूर्ण दिलं असतं तरी गेली असती कदाचित. ते आता कुणालाच कळणार नाही, कारण आम्ही पूर्ण दिलंच नाही.”

त्याने शिवी दिली असती, मला ढकललं असतं, तर बरं झालं असतं. मी तयार होते. तो खाली वाकला, खोके बाकावर ठेवले, एकेक बाटली बाहेर काढून ओळीने लावायला लागला, जणू पुन्हा मोजल्यावर आकडा बदलेल. नऊच भरल्या. मग त्याने वर बघितलं.

“मंगळवारी पाच दुकानं पालथी घातली मी, एजे,” तो म्हणाला. “एकात आठ मिळाल्या, एकात सात. दुकानदार म्हणाला, आज एवढ्या घेऊन जा, बाकीच्या उद्या ने. मी म्हटलं, नाही, सगळ्या दे, कमी पडायला नको.”